औषध दिले जाते

“कोण म्हणतं?”

उपळावीकर सरांनी माझा कागद वर्गासमोर धरला आणि पुन्हा विचारलं, “‘असे म्हटले जाते की जग दुःखमय आहे.’ कोण म्हणतं हो, शलाकाताई?”

वर्गात आम्ही सात जण होतो. मिरजेच्या एका कॉलेजात, बाहेरून एम. ए. करणाऱ्यांसाठी दर रविवारी सकाळी हा वर्ग भरायचा. विषय तत्त्वज्ञान. माझा दुसराच महिना होता आणि हा माझा पहिला निबंध.

“पुस्तकात आहे, सर.”

“पुस्तकात असू दे. तुम्हाला काय वाटतं?”

“म्हणजे... तशी शक्यता नाकारता येत नाही.”

सगळे हसले. सर नाही हसले. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, “तुम्ही पाच पानं लिहिलीत आणि पाच पानांत एक माणूस नाही. मानले जाते, वाटले जाते, दिसून येते. ओस पडलेल्या गावातनं चालल्यासारखं वाटतं वाचताना. वाक्यातनं कर्ता हाकलून दिला की वाक्य मोठं विद्वान दिसतं, हे खरं. पण ते चुकलं तर धरायचं कुणाला?”

“आमच्याकडे पण असंच असतंय सर,” मागच्या बाकावरून नदाफ म्हणाले. नदाफ पोलीस हवालदार, रिटायर व्हायला चार वर्षं राहिलेले. तत्त्वज्ञान का घेतलं विचारलं की म्हणायचे, ड्युटीवर उभं राहून डोकं रिकामं राहतंय. “‘सौम्य लाठीमार करण्यात आला.’ कुणी केला ते कधी लिहीत नाही.”

“बघा! हवालदारांना कळलं.” सर फळ्याकडे वळले. त्या दिवशी अनुमान शिकायचं होतं. एक गोष्ट बघून न दिसणारी दुसरी कशी ओळखायची, ते. त्यांनी डोंगर काढला, डोंगरावर धूर काढला. “लांबून धूर दिसला. त्यावरून काय ओळखाल?”

“हातभट्टी,” नदाफ म्हणाले.

या वेळी सरही हसले. मग त्यांनी शास्त्रातल्या पाच पायऱ्या लिहून दिल्या. आधी म्हणणं मांडायचं: डोंगरावर अग्नी आहे. मग कारण: कारण धूर आहे. मग उदाहरण: जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. मग ते उदाहरण समोरच्या डोंगराला लावायचं आणि शेवटी निष्कर्ष. “दोन हजार वर्षं पोरं तोच डोंगर आणि तोच धूर लिहितात,” सर म्हणाले. “पुढच्या रविवारी प्रत्येकानं आपल्या घरातलं उदाहरण आणायचं. खरं. ज्याची तुम्हाला खरोखर काळजी आहे असं.”

काळजी माझ्याकडे भरपूर होती.

इरा तेव्हा दहा महिन्यांची होती. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे. जागी असली की काय गिळते ते बघायचे. लग्नाआधी अर्थशास्त्रात बी. ए. केलं होतं, नोकरी केली नव्हती. इरा झाल्यावर सहा महिने घरात बसून मला वाटायला लागलं होतं की माझ्या डोक्यात आता शी-शू-दूध सोडून काही शिल्लक नाही. तेव्हा निनाद, माझा नवरा, म्हणाला की काहीतरी शीक. त्याची कुपवाडला कारखान्यात नोकरी, सकाळी साडेसातला जायचा. मग इराला बघायचं कोण? आमच्या सोसायटीमागच्या गल्लीत रूथमावशींचं पाळणाघर होतं. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते साडेबारा. तेवढे साडेतीन तास माझे.

सासूबाई इस्लामपूरला असायच्या. फोनवर त्यांनी एकदाच विचारलं, “नोकरी करणाऱ्या बायका ठेवतात पाळणाघरात. तू तर घरीच असतेस ना गं?”

“अभ्यास असतो, आई.”

“कसला?”

“तत्त्वज्ञानाचा.”

त्या म्हणाल्या, “बरं. बाळाला जप.”

रूथमावशी पंचावन्न-छप्पन्नच्या. जन्मभर एका मोठ्या दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून काम केलेल्या. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत छताच्या कड्यांना तीन झोळ्या आणि खाली सतरंजी. मुलं चार. नियम थोडे पण कडक. चपला बाहेर. मुलाच्या अंगात ताप असला तर मूल घरी. आईला सर्दी-खोकला असला तरी मूल घरी, कारण एकाचं चौघांना होतं. भिंतीला खिळ्यावर एक लांब वही लटकवलेली असायची, तिला सुतळीनं पेन बांधलेलं. कोण किती वाजता आलं, काय खाल्लं, किती वेळ झोपलं, सगळं त्या वहीत मोठ्या गोल अक्षरांत लिहायच्या. “वॉर्डातल्या सिस्टरनी सवय लावली,” असं मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. “म्हणायच्या, रूथ, डोळ्यांनी बघितलंस ते वहीत आलं पाहिजे. मनात आलं ते नको.”

मी वही कधी वाचली नाही. मला वाटायचं, बाईंना हौस आहे.

त्या रविवारी फळ्यावरचा धूर बघताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. इरा पाळणाघरातून येताना गुंगीत असायची. पंधरा-वीस दिवस झाले होते. मी घ्यायला जायचे तेव्हा ती झोपलेली असे, खांद्यावर घेतली तरी मान टाकायची. घरी येऊन दूध घेतानाही डोळे मिटलेले. चारपर्यंत ही अवस्था. शनिवार-रविवारी मात्र टवटवीत, रांगत रांगत गॅस सिलिंडरपर्यंत.

सोमवारी इराला पोचवून आले, दार लावलं आणि लिहायला बसले. कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेली तीन जाड पुस्तकं टेबलावर होती. जुन्या बांधणीची, उघडली की धूळ आणि कसरीचा वास. त्या पुस्तकांनी मला शिंका यायच्या, डोळे गळायचे. दिवाळीनंतर पुस्तकं घरात आल्यापासून मी अभ्यासाच्या दिवशी सकाळी सातच्या चहाबरोबर एक गोळी घेऊन टाकायचे. छोटी पिवळी गोळी, माहेरी असल्यापासून घरात असायची ती. मग अकरापर्यंत निवांत.

मी लिहिलं: ‘पाळणाघरात बाळाला झोपेचे औषध दिले जाते.’

ते वाक्य कागदावर बघून मला घाबरायला झालं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं. इतके दिवस नुसती भीती होती, तिला आता पाच पायऱ्या मिळाल्या होत्या. कारण: बाळ नको तितके झोपते. उदाहरण लिहिताना मला आठवलं की सरांनी उलट बाजूनंही तपासायला सांगितलं होतं, जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसं तळं. मी लिहिलं: ‘ज्या दिवशी पाळणाघर नाही त्या दिवशी झोपही नाही, जसा रविवार.’ इतकं चोख जुळलेलं बघून मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी विचार केला होता. नुसती काळजी नव्हे, विचार.

मंगळवारी सकाळी पाळणाघराच्या दारातच मला दोन शिंका आल्या. रूथमावशींनी इराला माझ्याकडून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

“सर्दी झालीय काय ताई?”

“नाही हो. धूळ आहे.”

“गोळी-बिळी घेताय काय काही?”

“नाही,” मी म्हटलं.

गोळी म्हटलं की सर्दी आली, सर्दी म्हटलं की नियम आला, नियम आला की इरा घरी आणि माझे साडेतीन तास गेले. निबंध अर्धा राहिला होता. त्या एका क्षणात एवढं सगळं डोक्यातून गेलं आणि तोंडातून ‘नाही’ बाहेर पडलं. त्यांनी मान हलवली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाईतो मी ते विसरूनही गेले होते.

गुरुवारी साडेबाराला गेले तर इरा झोळीत. उचलली तर हात खाली लोंबले. मी तिला हलवलं, गालावर चापट मारली, तिनं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. आणि तेवढ्यात मला खिडकीच्या फळीवर तपकिरी बाटली दिसली. सर्दीचं औषध, निम्मं संपलेलं.

“हे काय आहे?”

“अर्णवचं,” रूथमावशी म्हणाल्या. “सर्दी गेलीय त्याची, पण औषधाचे दोन दिवस राहिलेत म्हणून आईनं ठेवायला दिलंय. डॉक्टरची चिठ्ठी आहे बघा खाली.”

नेमकी त्याच वेळी अर्णवची आई आली. पल्लवी, दातांची डॉक्टर, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. दारातच तिनं विचारलं, “काय झालं गं?”

मी म्हटलं, “इथे मुलांना औषध दिलं जातं.”

पल्लवीनं माझ्याकडे बघितलं, मग लोंबत्या इराकडे, मग बाटलीकडे.

“कोण देतंय?” रूथमावशींनी विचारलं. त्यांच्या हातात दुसऱ्या मुलाचं दुपटं होतं, त्याची घडी त्यांनी तशीच अर्धी धरली होती. “ताई, कोण देतंय? नाव घ्या की.”

“मी कुणाचं नाव घेत नाहीये.”

“मग या खोलीत मी सोडून दुसरं कोण हाय?”

“मी फक्त म्हणतेय की ही एवढी झोप आपोआप येत नाही. आणि शनिवार-रविवारी तिला अशी झोप नसते.”

“तेच मी पण बघतेय की! मला पण काळजी लागलीय.” त्या भिंतीकडे गेल्या, खिळ्यावरून वही काढली, पानं उलटली. “हे बघा, मी सगळं लिहिलंय. रोज किती वाजता आली, कशी आली. तुम्ही वाचा एकदा. आली तेव्हाच...”

“वहीत काहीही लिहिता येतं, मावशी.”

त्यांचा हात पुढेच राहिला. वही उघडी, माझ्याकडे तोंड केलेली. मी पान नुसतं बघितलं असतं तरी पुरे होतं. मी बघितलं नाही. मी इराची पिशवी उचलली आणि बाहेर पडले. मागून पल्लवीचा आवाज आला, “अर्णवचं औषध मी घेऊन जाते आज.”

संध्याकाळी पल्लवीनं आमच्या चार आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, नक्की काय झालंय ते सांग. मी बराच वेळ विचार करून लिहिलं. मला कुणावर अन्याय करायचा नव्हता. लिहिलं: ‘पाळणाघरात मुलांना झोपेचं औषध दिलं जात असल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ कुणाचं नाव नाही, काही नाही. मला ते वाक्य फार जबाबदारीचं वाटलं.

शुक्रवारी एकही मूल गेलं नाही.

रविवारी सरांनी सगळ्यांचे निबंध वाचून घेतले. नदाफांनी लिहिलं होतं की सायरन वाजला की साहेब आले असं नसतं, कधी कधी नुसता ड्रायव्हर असतो. माझी पाळी आली. रविवारच्या वाक्यापर्यंत आले तेव्हा सगळे मान डोलावत होते.

“शाब्बास,” सर म्हणाले. “उलट बाजूचं उदाहरण कुणीच आणलं नव्हतं. घरातलं आहे, खरं आहे, जीव लागलेला आहे. तुम्ही विचार करायला लागलात.” मी खाली बघितलं. कान गरम झाले होते. “आता पहिलं वाक्य पुन्हा वाचा.”

“‘पाळणाघरात बाळाला झोपेचे औषध दिले जाते.’”

“कोण देतं?”

“पाळणाघर चालवणाऱ्या बाई.”

“तसं लिहिलेलं नाही तुम्ही.”

“ते उघडच आहे सर.”

“उघड असतं तर लिहिलं असतंत.” त्यांनी माझा कागद घेतला आणि समासात लाल पेनानं एकच शब्द लिहिला. “धूर दिसला, मान्य. अग्नी आहे, तेही धरून चालू. पण लावला कुणी, हे धूर सांगत नाही. तुम्ही ते मनात सांगून टाकलंत आणि कागदावर लपवलंत.”

“जबाब घेतला काय बाईंचा?” नदाफांनी विचारलं.

“त्या वही दाखवत होत्या.”

“काय लिहिलं होतं?”

“मी बघितली नाही.”

नदाफांनी नुसती मान हलवली, जशी ते चौकीत हलवत असतील.

सरांनी टेबलावरचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. त्यांच्या वडिलांच्या संग्रहातलं, त्यातलं एक पान मला वाचायला सांगितलं. मी उघडलं आणि शिंकत सुटले. पाच, सहा, सात. पर्समधून गोळी काढली, पाण्याची बाटली उघडली.

“ही पिवळी?” नदाफ बाकावरून वाकून म्हणाले. “मॅडम, ही घेऊन मी एकदा गणपतीच्या बंदोबस्तात उभ्या उभ्या झोपलो होतो. साहेबांनी खांद्याला धरून हलवलं तेव्हा जागा झालो.”

“मला नाही येत झोप यानं,” मी म्हटलं. “दिवाळीपासून घेतेय. जराही नाही.”

“मग तुमच्या वाट्याची झोप जाते कुठं?” नदाफ हसत म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला.

गोळी माझ्या तळहातावर होती. मी ती तोंडाकडे नेली नाही. बाटलीतलं पाणी बाकावर सांडत होतं, ते शेजारच्या बाईंनी पुसायला घेतलं तेव्हा मला कळलं. दिवाळीपासून. अभ्यासाच्या दिवशी, सातच्या चहाबरोबर. साडेआठला इराला अंगावर पाजायचे, नऊला पोचवायचे. घरी आणली की पुन्हा पाजायचे. शनिवार-रविवार पुस्तकं उघडायची नाहीत, म्हणून गोळी नाही.

‘ज्या दिवशी पाळणाघर नाही त्या दिवशी झोपही नाही.’ माझं वाक्य खरं होतं. पहिलं वाक्यसुद्धा खरं होतं. औषध दिलं जात होतं.

बाहेर व्हरांड्यात येऊन इराच्या डॉक्टरांना फोन केला. गोळीचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “अंगावर पाजतेस ना अजून? मग बाळ झोपेल नाही तर काय करेल? आजपासून बंद कर. दुसरी लिहून देतो. घाबरू नकोस, उतरेल ते.” मग म्हणाले, “पण एक मावशी आल्या होत्या मागच्या बुधवारी, तुझ्याच बाळाचं विचारायला. त्यांना मी पहिलं हेच विचारलं होतं.”

मी फोन ठेवला. वर्गात परत गेले नाही.

सोमवारी नऊ वाजता मी नेहमीसारखी गल्लीत गेले. इरा कडेवर, टक्क जागी, माझं मंगळसूत्र तोंडात घालत होती. दार उघडंच होतं. झोळ्या काढलेल्या होत्या, छताला नुसत्या कड्या. रूथमावशी सतरंजीवर बसून दुपट्यांच्या घड्या करत होत्या.

त्यांनी आधी इराकडे बघितलं. “आज जागी हाय.”

“मावशी, मी गोळी घेत होते. सर्दीची. शिंकांची.”

एक घडी पुरी झाली. दुसरं दुपटं घेतलं. “कधीपासनं?”

“दिवाळीनंतर.”

“मी विचारलं होतं की तुम्हाला.”

“हो.”

“दारात. तुम्ही शिंकला तेव्हा.”

“हो. मी नाही म्हटलं.”

त्या उठल्या आणि वही घेऊन आल्या. मला दाखवायला नव्हे, स्वतःच खात्री करायला. पानावरून बोट फिरवत त्यांनी मंगळवार काढला, आणि मग वही माझ्यापुढे धरली. या वेळी मी वाचलं.

‘मंगळ. इरा ९ ला आली. आली तेव्हाच डोळे जड. ९॥ ला झोपली. ११ ला उठवली, दूध घेईना, परत झोप. ताप नाही. आई शिंकत होती. गोळी घेता का विचारले. नाही म्हणाली. म्हणजे नाही. मग कशाने? डॉक्टरना विचारणे.’

खाली, बुधवार: ‘डॉक्टर म्हणाले आई काही घेते का. सांगितले, नाही, आईने सांगितले आहे.’

‘म्हणजे नाही’ या दोन शब्दांवर माझी नजर अडकून राहिली. इरानं वहीकडे हात टाकला, मावशींनी तिला पेनाचं टोपण खेळायला दिलं आणि लगेच काढूनही घेतलं, गिळेल म्हणून.

“मावशी, माझं फार चुकलं.”

“ते राहू दे.” त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. सुतळी आमच्या दोघींच्या मध्ये ताणली गेली. “हितं लिहा. तुमच्या हातानं. उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडं काहीतरी पाहिजे.”

मी इराला सतरंजीवर ठेवलं आणि लिहिलं. मावशींनी बोट ठेवून एकेक शब्द मोठ्यानं वाचला. “‘बाळाच्या झोपेमागे आईच्या औषधाचा परिणाम असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’” त्या थांबल्या. “शक्यता कशाला? घेतली होती ना गोळी?”

“हो.”

“मग?”

मी ते खोडलं. लिहिलं, ‘आईकडून गोळी घेतली गेली होती.’

“कुठली आई? माझ्या वहीत चार आया हायत. नाव घाला.”

तिसऱ्यांदा लिहिलं, ‘मी, शलाका निनाद कुंभोजकर, गोळी घेत होते. रूथमावशींनी विचारले तेव्हा मी खोटे सांगितले. त्यांनी माझ्या मुलीला काहीही दिलेले नाही.’

त्यांनी वाचलं. शेवटच्या शब्दापर्यंत बोट नेलं. “आता कळतंय,” म्हणाल्या. “सही करा.”

मी सही केली. इतकं सरळ वाक्य मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. सरांना दाखवावंसं वाटलं, आणि हे त्या क्षणी वाटलं म्हणून स्वतःचीच शिसारी आली.

“बाकीच्या तिघींना?” मावशींनी विचारलं.

“सांगते.”

“काय सांगताय?”

“हेच. जे लिहिलंय ते.”

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, माझ्या सहीखाली त्यांच्या गोल अक्षरात एक ओळ लिहिली: ‘सगळ्यांना सांगते म्हणाली.’ पेनाला टोपण लावलं, वही खिळ्याला अडकवली. मग इराला उचलून तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि माझ्याकडे दिली.

घरी येऊन मी ग्रुप उघडला. तिघींची तोंडं डोळ्यांसमोर आली. पल्लवीचं जास्त. खोटं बोलले, हे शब्द मी टाइप केले. मग वाटलं, उगाच गवगवा होईल, निनादच्या कानावर जाईल, त्याच्याकडून इस्लामपूरला. खोडले. शेवटी पाठवलं ते असं: ‘गैरसमज झाला होता. पाळणाघराकडून काही चूक झाली नसल्याचं दिसून येतं.’

पल्लवीनं अंगठा दाखवला. दुसरीनं लिहिलं, बरं झालं, पण आता आम्ही दुसरीकडे घातलंय. तिसरी काहीच बोलली नाही. एकही मूल परत गेलं नाही. कशाला जाईल? माझ्या निरोपात विश्वास ठेवावा असं कुणी माणूसच नव्हतं. मार्चमध्ये रूथमावशी जागा सोडून कोल्हापूरला एका म्हाताऱ्या बाईंची शुश्रूषा करायला राहिल्या, असं मला किराणावाल्याकडून कळलं.

मी एम. ए. झाले. वर्गात पहिली. त्या निबंधाला चांगले गुण होते. समासात लाल शाईत ‘कोण?’ एवढंच. इरा आता आठ वर्षांची आहे. रविवारी सकाळी ती उशिरापर्यंत झोपली की मी अजून नाकाखाली बोट धरून बघते.

तो निरोप पाठवून झाल्यावर मोबाइल हातात धरून मी बराच वेळ बसले होते. तेव्हा मला मावशींची ती शेवटची ओळ आठवली, जशीच्या तशी, डोळ्यांपुढे. मंगळवारच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, नाही म्हणाली, म्हणजे नाही. माझ्या सहीखाली मात्र त्यांनी ‘सगळ्यांना सांगते म्हणाली’ एवढंच लिहिलं होतं. पुढे ‘म्हणजे’ नव्हतं.